महाराष्ट्रातील सरकारी आरोग्यसेवा सुधारणेविषयीचा वाद

महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या आरोग्य विमा योजना यांची रचना कशी असावी, त्यांवर किती खर्च व्हावा आणि त्यांत खासगी रुग्णालयांचा वाटा काय असावा, यांविषयी अनेक दशके चालत आलेल्या सार्वजनिक विवादास सरकारी आरोग्यसेवा सुधारणेविषयीचा वाद असे म्हटले जाते. १९९७ ची जीवनदायी योजना, २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, कोविड-१९ च्या साथीतील दरनियंत्रण आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेले नि:शुल्क उपचार हे या वादाचे प्रमुख टप्पे होत.

हा वाद मुंबई-पुण्याच्या सभागृहांत आणि विधिमंडळात जितका झाला, तितकाच तो तालुक्याच्या गावी, रुग्णालयाच्या दारात झाला आहे. म्हणून या लेखात तालुका पातळीचे उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याचा निर्देश केला आहे. (लोणावळ्याजवळचे, पुणे जिल्ह्यातील थंड हवेचे खंडाळे हे वेगळे गाव होय.)

वादाचा मूळ मुद्दा

सरकारने आरोग्यसेवा स्वतः चालवावी की ती इतरांकडून विकत घेऊन नागरिकांना पुरवावी, हा या वादाचा गाभा आहे. पहिल्या मताप्रमाणे शासनाने दवाखाने बांधावेत, डॉक्टर व परिचारिका पगारी नेमाव्यात, औषधे खरेदी करावीत आणि येणाऱ्या प्रत्येकाला विनामूल्य तपासावे. दुसऱ्या मताप्रमाणे शासनाने केवळ पैसे भरावेत. रुग्णाने आपल्या सोयीचे सरकारी वा खासगी रुग्णालय निवडावे आणि शस्त्रक्रियेचे ठरलेले मूल्य त्या रुग्णालयास मिळावे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. त्यामुळे वादातील पक्षही स्वच्छ दोन गटांत विभागलेले नाहीत. सरकारी रुग्णालयाच्या दुरवस्थेवर बोट ठेवणारा माणूस खासगीकरणाचा पुरस्कर्ता असतोच असे नाही, आणि विमा योजनेचे स्वागत करणाऱ्या अनेकांना गावचे आरोग्य केंद्रही चालू राहिलेले हवे असते.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे राज्यसूचीतील विषय आहेत. अनुच्छेद ४७ मध्ये लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा आधार घेऊन, तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणे हा त्या हक्काचा भंग ठरतो, असे सांगितले. पुढील बहुतेक युक्तिवाद या निकालाशी येऊन भिडतात.

पूर्वपीठिका

आरोग्याच्या बाबतीत सरकारने काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो १८९६-९७ च्या प्लेगच्या साथीत. त्या वेळी लोकांची तक्रार सरकार काही करीत नाही अशी नसून, ते घरात शिरून नको ते करते, अशी होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेल्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार दिले. पुण्यातील घरझडत्यांनी असंतोष पेटला आणि २२ जून १८९७ रोजी वॉल्टर रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. याच साथीत खंडाळा तालुक्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले यांनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळील दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि स्वतःस संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शासकीय आरोग्यव्यवस्थेचा हात जेथे पोहोचत नव्हता, किंवा पोहोचला तरी लोकांना तो नकोसा वाटत होता, तेथे हे काम चालले होते. १८९७ चा हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरात आला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आरोग्यसेवेचा पहिला सर्वंकष आराखडा भोर समितीने मांडला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे तिचे पायाभूत सूत्र होते. दूर पल्ल्याच्या योजनेत समितीने १० ते २० हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय असलेले प्राथमिक केंद्र सुचविले होते. आजच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात ३० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते आणि त्यात खाटा असतात सहा. सुधारणेच्या प्रत्येक चर्चेत आपण भोर समितीच्या पुढे गेलो की मागे, असे विचारले जाते. या एका आकड्यापुरते उत्तर स्पष्ट आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांची सुरुवात १९५२ च्या समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर झाली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. १९७८ च्या आल्मा आटा परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा दिली. तिचा भारतीय अर्थ लावण्यासाठी दोन राष्ट्रीय संशोधन परिषदांनी नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गटाचे अध्यक्ष डॉ. व्ही. रामलिंगस्वामी होते. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा महत्त्वाचा सहभाग होता. रुग्णालयकेंद्री व्यवस्थेऐवजी गावातून वर चढत जाणारी व्यवस्था उभारावी, असे या अहवालाचे प्रतिपादन होते.

तालुक्याच्या पातळीवर

कागदावरील व्यवस्था कशी आहे हे समजण्यासाठी खंडाळा तालुका उपयोगी पडतो. उत्तरेस नीरा नदी आणि पुणे जिल्हा, दक्षिणेस खंबाटकीचा घाट, मधून पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग, महामार्गावर शिरवळची औद्योगिक वसाहत आणि पूर्वेकडे लोणंदची बाजारपेठ, अशी या तालुक्याची ठेवण आहे. सातारा आणि पुणे ही दोन्ही मोठी ठिकाणे वाहनाने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. शेतकरी, कारखान्यांतील कायम व कंत्राटी कामगार, परप्रांतीय मजूर आणि महामार्गावरून जाणारे प्रवासी हे सर्व येथल्या आरोग्यव्यवस्थेचे संभाव्य रुग्ण होत.

या रुग्णांसाठी जी सरकारी व्यवस्था आहे, तिचे मालक वेगवेगळे आहेत. उपकेंद्रे आणि शिरवळ, लोणंद यांसारख्या गावांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे सातारा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात आणि त्यांवर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची देखरेख असते. ग्रामीण रुग्णालय हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. ते जिल्हा शल्यचिकित्सकाच्या नियंत्रणाखाली असते. गंभीर रुग्ण पुण्याच्या ससून रुग्णालयात नेला, तर ते वैद्यकीय शिक्षण विभागाचे. कामगाराची नोंदणी कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर त्याचे रुग्णालय आणखी निराळे. प्रत्येक विभागाचे लेखाशीर्ष, औषधांचा पुरवठा आणि भरतीचे नियम स्वतंत्र आहेत. सुधारणेच्या वादात निधीची चर्चा फार होते. या विभागणीची त्या मानाने कमी होते, वास्तविक रुग्णाला ‘पुढे घेऊन जा’ असे जे सांगितले जाते त्याचे एक कारण हीच विभागणी आहे. एका विभागाच्या दवाखान्यातून दुसऱ्या विभागाच्या रुग्णालयात पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे पाठविणाऱ्यास कळविण्याची पक्की रीत अद्याप बसलेली नाही.

निकषाप्रमाणे ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे असते. तेथे शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत, अशी अपेक्षा आहे. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातील या पातळीवरच्या केंद्रांत आवश्यक विशेषज्ञांच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तूट होती. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, अशी स्थिती असली की सिझेरियनची शस्त्रक्रिया होत नाही, आणि बाळंतीण रात्री वाहनात घालून जिल्ह्याच्या गावी न्यावी लागते. इमारत आणि यंत्रे असली तरी एका माणसाअभावी सेवा बंद पडते.

खंबाटकी घाटामुळे या तालुक्यात अपघातांचा प्रश्नही वेगळ्या तीव्रतेने समोर येतो. बोगद्यानंतर पुण्याकडे उतरताना लागणारे इंग्रजी ‘एस’ आकाराचे वळण अनेक अपघातांचे स्थान ठरले. एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकातील मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो तेथे उलटून पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी जखमींना पहिल्या तासात मिळणारे उपचार निर्णायक असतात. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा (एकूण ९३७ वाहने, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सोयींची) ही या बाबतीतील सर्वमान्य सुधारणा होय. तिच्या कंत्राटांवर टीका झाली, परंतु सेवा नको असे कोणीही म्हटले नाही. रस्ते अपघातातील जखमींच्या पहिल्या ७२ तासांच्या उपचारांसाठी राज्य शासनाने २०२० मध्ये स्वतंत्र विमा योजनेस मान्यता दिली. जखमी मनुष्य महाराष्ट्राचा रहिवासी आहे की नाही, हे त्यात पाहायचे नव्हते, आणि महामार्गावरील तालुक्यांच्या दृष्टीने हा तपशील मोलाचा आहे.

शुल्क आणि जागतिक बँक

१९८७ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांतील आरोग्यखर्चाविषयी एक धोरणपत्र प्रसिद्ध करून सरकारी रुग्णालयांत रुग्णांकडून शुल्क घ्यावे, अशी शिफारस केली. १९९३ च्या जागतिक विकास अहवालात हाच विचार अधिक विस्ताराने आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राने बँकेच्या कर्जातून आरोग्य यंत्रणा विकास प्रकल्प हाती घेतला. त्यातून ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या इमारती, शस्त्रक्रियागृहे आणि उपकरणे सुधारली. त्याच काळात केस पेपर, तपासण्या आणि खाटांचे शुल्कही वाढले. समर्थकांच्या मते या रकमेतून रुग्णालयाच्या किरकोळ गरजा जागच्या जागी भागत होत्या. विरोधकांच्या मते जमा होणारी रक्कम एकूण खर्चाच्या तुलनेत नगण्य होती आणि तिच्यासाठी गरिबांना दारातच अडविले जात होते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सूट होती, पण ती सिद्ध करायला दाखला लागत असे, आणि आजारी माणसाच्या घरचे लोक दाखला बरोबर घेऊन निघत नाहीत.

जीवनदायी ते जन आरोग्य

१९९७ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोजक्या महागड्या उपचारांपुरती होती. तिची जागा २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली. प्रथम गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत, आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून सातारा-सांगलीसह सर्व राज्यात ती लागू झाली. पिवळी आणि केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार अंगीकृत रुग्णालयांत रोकडविरहित मिळू लागले. रुग्णाला मार्ग दाखविण्यासाठी रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमले गेले. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये, उपचारांची संख्या १,३५६ आणि लाभार्थी म्हणून राज्यातील सर्वच कुटुंबे निश्चित झाली. अपघातविम्याची उपरोक्त योजनाही तिच्यात सामावून घेण्यात आली.

या योजनांनी हजारो कुटुंबांना कर्जातून वाचविले, हे विरोधकही नाकारत नाहीत. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस यांसाठी शेत विकण्याची पाळी ज्यांच्यावर येत असे, त्यांना हा आधार खरा होता. वाद आहे तो योजना काय देत नाही आणि निधी कोठे वळविते, यांविषयी.

पहिला आक्षेप असा की संरक्षण भरती होणाऱ्या रुग्णासच मिळते. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाची तपासणी, मुलाचा ताप अशा बाह्यरुग्ण उपचारांचा त्यात समावेश नाही. वस्तुतः भारतीय कुटुंबांच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चाचा मोठा भाग औषधांवर आणि बाह्यरुग्ण उपचारांवरच जातो. दुसरा आक्षेप भूगोलाचा. अंगीकृत खासगी रुग्णालये मोठ्या शहरांत एकवटतात. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ती प्रामुख्याने सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथे आहेत. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयापासून वैद्यकाची परंपरा आहे आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. हे भाग्य प्रत्येक तालुक्याच्या वाट्यास येत नाही. माण, खटाव, जत यांसारख्या दुष्काळी तालुक्यांतील कुटुंबाच्या हाती कार्ड आले, तरी कार्ड चालणारे रुग्णालय जवळ असेलच असे नाही. विम्यामुळे पैशाचा अडसर दूर होतो. अंतराचा होत नाही.

खासगी रुग्णालयांचीही बाजू आहे. शासनाने ठरविलेली पॅकेजे प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी आहेत, रकमा वेळेवर मिळत नाहीत आणि दावे क्षुल्लक कारणांवरून नाकारले जातात, अशी डॉक्टरांच्या संघटनांची तक्रार आहे. योजनेचा रुग्ण असूनही वरखर्च मागितला जातो, अशी रुग्णांची तक्रार आहे. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि पॅकेजचा दर कमी असल्याने वरखर्च मागितला जातो, असा त्यांचा परस्परसंबंधही दाखविला जातो.

योजनेतील एका तरतुदीकडे फारसे लक्ष गेले नाही. मूळ यादीतील १३१ उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवण्यात आले होते. त्यांचे पैसे सरकारी रुग्णालयास मिळावेत आणि त्यातून त्याची सुधारणा व्हावी, हा हेतू होता. सेवा चालविणे आणि सेवा विकत घेणे या दोन पद्धतींची सांगड घालण्याचा हा एक व्यवहार्य प्रयत्न म्हणावा लागेल. मात्र ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरच नाही, त्याला या राखीव यादीतून काय मिळणार, हा प्रश्न पुन्हा रिक्त पदांपाशी येऊन थांबतो.

कोविड-१९ आणि दरनियंत्रण

२०२० मधील साथीने वादाची भाषा बदलली. मे २०२० मध्ये शासनाने जन आरोग्य योजना तात्पुरती सर्व नागरिकांना खुली केली. २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रित दरांखाली आणल्या. साध्या कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये हे दर ठरले. खासगी सेवेवर इतके थेट नियंत्रण राज्याने पूर्वी कधी आणले नव्हते. आदेश निघाले तरी जादा बिलांच्या तक्रारी चालूच राहिल्या. लेखापरीक्षक नेमावे लागले, आणि जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी रुग्णांना रकमा परत मिळवून देण्याची मोहीम हाती घेतली.

सरकारी यंत्रणेचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही या काळात दिसले. संशयितांचा शोध, विलगीकरण, लसीकरण ही कामे आरोग्य सेवक, परिचारिका आणि आशा स्वयंसेविका यांनीच केली. खासगी क्षेत्राकडे त्यासाठी माणसेच नव्हती. दुसरीकडे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षास आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला, आणि ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आगीने ११ जणांचा बळी घेतला. नवी यंत्रे बसविली गेली, जुन्या इमारतींच्या अग्निसुरक्षेकडे मात्र दुर्लक्ष झाले, असे या दोन घटनांनंतर बोलले गेले.

१४ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. हे नियम १९४९ च्या कायद्याखालील आहेत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. धर्मादाय रुग्णालयांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. तिची अंमलबजावणी हा स्वतंत्र तक्रारींचा विषय आहे.

२०२३ : नि:शुल्क उपचार आणि नांदेड

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत केस पेपरसह सर्व उपचार विनामूल्य झाले. तीन दशकांच्या शुल्कवादावर शासनाने हा पडदा टाकला, असे म्हणता येईल. पण पूर्णपणे नव्हे. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली. त्यामुळे खंडाळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात शुल्क न भरणारा रुग्ण पुढे ससूनला गेला की तेथील शुल्काचे नियम वेगळे.

निर्णयाच्या आगेमागेच दोन घटनांनी राज्य हादरले. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, आणि ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ मृत्यू झाले. त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता, यावर प्रशासन आणि नातेवाईक यांची विधाने परस्परविरोधी होती. आसपासच्या छोट्या रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत पाठविलेले रुग्ण अधिक होते, असे प्रशासनाचे म्हणणे पडले. हे म्हणणे खरे धरले, तर दोष नांदेडचा कमी आणि तालुक्या-तालुक्यांतल्या अपुऱ्या सेवेचा अधिक ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे, औषधखरेदी व अंदाजपत्रकी तरतूद यांचा तपशील शासनाकडे मागितला. औषधखरेदीचे काम २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होते; त्यातील विलंबाच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. तमिळनाडूने असे महामंडळ १९९४ मध्येच उभे केले होते.

माणसांचा प्रश्न

१२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने निधी आणला, परंतु बहुतेक पदे कंत्राटी ठेवली. राज्यातील सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविकांना वेतन नसून कामागणिक मोबदला आहे, आणि ‘स्वयंसेविका’ हा शब्दच त्यांच्या मागण्यांच्या आड येतो. जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये त्यांनी संप केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अभियानाचे कंत्राटी कर्मचारीही सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले. सुधारणेच्या आराखड्यांत या वर्गाचा उल्लेख ‘मनुष्यबळ’ या एका शब्दात उरकला जातो.

सरकारी नोकरीतील डॉक्टर काय करू शकतो, याचे उदाहरण म्हणून डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव घेतले जाते. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाने मृत्यूंचे प्रमाण विलक्षण खाली आणले. गडचिरोलीत १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे आशांच्या कामात ती पद्धत देशभर समाविष्ट झाली. १९७० पासूनचे जामखेडचे आरोळे दांपत्याचे कामही याच परंपरेतील. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचे ग्रामीण रुग्णालय पाचगणीच्या रेडक्रॉसच्या बेल-एअर रुग्णालयाकडे चालविण्यास देण्याचा प्रयोग झाला. सेवाभावी संस्थेकडे रुग्णालय देणे आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे देणे, या दोहोंस ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हे एकच नाव असल्याने चर्चेत बराच गोंधळ होतो.

अन्य देशांतील अनुभव

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होण्यापूर्वी तेथील वैद्यक संघटनेने तिला कडवा विरोध केला होता. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी व्यवसायाची मुभा देऊन तो शमविला. अमेरिकेत २०१० च्या कायद्याच्या वेळी सरकारी विम्याचा पर्याय वगळावा लागला. महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण थायलंडचे आहे. २००२ मध्ये तेथे सर्वांना आरोग्यसंरक्षण मिळाले, परंतु त्यापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी रुग्णालये बांधून, तरुण डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची करून पाया घातलेला होता. महाराष्ट्रात कार्ड आधी आले.

खर्च आणि कायदा

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट कितपत खरी, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. महाराष्ट्र हे देशातील संपन्न राज्य असूनही त्याचा आरोग्यखर्च राज्य उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली राहिला आहे. नियोजन आयोगाने नेमलेल्या डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये करांतून निधी उभारावा, शुल्क घेऊ नये आणि विमा कंपन्यांची मध्यस्थी टाळावी, अशी शिफारस केली होती.

मार्च २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा संमत केला. तातडीच्या उपचारांसाठी आगाऊ पैसे मागू नयेत, या तरतुदीवरून तेथील खासगी डॉक्टरांनी संप पुकारला आणि काही सवलती मिळाल्यावरच तो मागे घेतला. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा, अशी मागणी जन आरोग्य अभियान आणि अन्य संघटना करीत आल्या आहेत. खासगी डॉक्टरांच्या संघटनांचा तिला विरोध आहे. तातडीच्या रुग्णावर केलेल्या खर्चाची भरपाई कोण, किती दिवसांत करणार, हे कायद्यातच लिहावे, असे त्यांचे म्हणणे आहे.